स्पर्शाने रंग बदलणारं कापड: पहिली छपाई घरच्या टेबलावर

रंग बदलणारं कापड करायचं ठरवलं की बहुतेक जण आधी विचारतात, यात कुठले कुठले रंग मिळतात? रंग सगळे मिळतात. निळा, काळा, लाल, जांभळा, हिरवा, हवा तो घ्या. आधी ठरवायचं असतं ते तापमान. हे कापड कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, अंगाच्या कुठल्या भागावर असणार, हे ठरल्याशिवाय रंगाची डबी मागवू नका. या कामात नव्याने येणाऱ्यांची सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. छपाई उत्तम जमते, पण कापड बदलत नाही किंवा बदललं की परत येत नाही, आणि मग सगळा दोष रंगावर जातो.

हा लेख सुती कापडावर स्क्रीनने, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून रंग दाबून, छापू पाहणाऱ्यांसाठी आहे. फॅशन डिझाइनचे विद्यार्थी, घरून कुर्ते-पिशव्या विकणारी मंडळी, शाळेतले कलाशिक्षक, कुणालाही जमेल. प्रयोगशाळा लागत नाही.

आत नेमकं काय घडतं

बाजारात मिळणारा तापमानसंवेदी रंग, म्हणजे थर्मोक्रोमिक पिगमेंट, ही सूक्ष्म कुप्यांची भुकटी असते. एकेक कुपी काही मायक्रॉनची, डोळ्यांना न दिसणारी. तिच्यात तीन गोष्टी कोंडलेल्या असतात: रंग देणारं द्रव्य (क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हे त्यातलं जुनं आणि प्रसिद्ध), त्याला रंगात आणणारं सौम्य आम्लधर्मी द्रव्य, आणि मेणासारखा एक विद्रावक. विद्रावक गोठलेला असतो तोवर पहिली दोन द्रव्यं एकमेकांना धरून राहतात आणि रंग दिसतो. तो वितळला की त्यांची साथ सुटते आणि रंग जातो. थंड झालं की पुन्हा जुळतात. म्हणून नेहमीची चाल अशी असते: थंडीत रंगीत, उष्णतेत बेरंग.

रंग किती अंशांवर जाणार हे मुख्यतः त्या विद्रावकावर ठरतं. यासाठी मेदाम्लांपासून मिळणारी लांब साखळीची अल्कोहोलं किंवा त्यांची एस्टर वापरतात. साखळीत कार्बनचे १२ अणू असलेलं डोडेकॅनॉल सुमारे २४ अंश सेल्सियसला वितळतं, १४ अणूंचं टेट्राडेकॅनॉल ३८च्या आसपास आणि १६ अणूंचं हेक्झाडेकॅनॉल ४९च्या आसपास. कारखान्यात अशा विद्रावकांची निवड आणि मिश्रणं करून हवा तो आकडा साधतात.

एटीएमच्या पावतीचा कागद याच रसायनकुळातला आहे, फक्त तिथे चाल उलटी असते: उष्णतेने द्रव्यं एकत्र येतात आणि काळं उमटतं.

दुसरा एक प्रकार द्रवस्फटिकांचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा. १८८८ साली फ्रिड्रिख रायनित्सर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेन्झोएट वितळताना विचित्र रंग दिसले, तिथून त्याचा अभ्यास सुरू झाला. कपाळावर लावायच्या तापपट्ट्यांत हे स्फटिक असतात. तापमान वाढत जाईल तसे ते लालपासून निळ्यापर्यंत रंग दाखवतात. दिसतात फार सुंदर, पण त्यांना काळी पार्श्वभूमी लागते, ते महाग पडतात आणि कापडावर टिकवणं कठीण. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पहिली पायरी: आकडा ठरवा

बाजारात ३१ अंशांचा रंग सगळ्यात सहज मिळतो. त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं, आणि थंड देशांतल्या घरात हवा २० ते २२ अंशांची. तिथे ३१चा रंग एरवी दिसतो आणि तळवा टेकला की जातो. आकडा त्यांच्या हवेला बरोबर बसतो.

आता हेच कापड मे महिन्यात नागपूरला न्या. पारा ४४-४५ला पोचलेला. कपडा कपाटातून बाहेर काढल्यापासून पांढराच दिसणार. मुंबईत प्रकार वेगळा आणि जास्त फसवा. या रंगांना एक खोड असते: जाताना एका तापमानाला जातात, पण परत येताना त्याहून काही अंश खाली उतरावं लागतं. समजा रंग ३१ला गेला आणि परत यायला २७ अंश लागतात. खोलीत ३० अंश असतील तर सकाळी हात लावलात की ठसा उमटेल, आणि तो पुसलाच जाणार नाही. संध्याकाळपर्यंत तसाच. म्हणून रंग घेताना विक्रेत्याला दोन आकडे विचारा: पूर्ण कधी जातो आणि पूर्ण परत कधी येतो. माहितीपत्रकात बहुधा पहिलाच ठळक लिहिलेला असतो, आणि आपल्या हवेत तर दुसराच जास्त महत्त्वाचा.

जाण्या-येण्यातली ही तफावत किती ताणता येते याचा नमुना म्हणजे जपानच्या पायलट कंपनीचं फ्रिक्शन पेन. मागच्या रबराने घासलं की घर्षणाची उष्णता ६० अंशांच्या वर जाते आणि अक्षर नाहीसं होतं. ते परत आणायचं तर शून्याखाली दहा-वीस अंशांपर्यंत उतरावं लागतं. मिळालं तर खोडलेला कागद फ्रीझरमध्ये ठेवून पाहा. कापडाचा रंग निवडताना ही तफावत जितकी कमी तितकं बरं.

माझा सल्ला असा. एसी ऑफिस, सभागृह, हिवाळ्यातलं पुणे-नाशिक यासाठी ३१ चालतो. कोकण-मुंबईच्या रोजच्या हवेत ३५-३८चा शोधा, पण मग तळव्याचा स्पर्श पुरणार नाही, गरम चहाच्या पेल्यासारखी, फुंकरीहून जास्त ऊब लागेल. गरम वस्तूंशी संबंध असलेल्या गोष्टींना, म्हणजे चहाच्या पेल्याखालचं कापड, किटलीवर घालायची टिकोजी वगैरेंना, ४५चा घ्या. परदेशात थंड गावी राहणाऱ्यांना १५ अंशांचा रंग मजा देतो: बाहेर बर्फात जॅकेटवर नक्षी उमटते, घरात शिरलं की विरते.

सैल आणि घट्ट कपड्यांतला फरकही इथेच धरा. अंगाला चिकटलेली होजिअरी त्वचेच्या तापमानाजवळ जाते, सैल कुर्ता हवेच्या. आणि उन्हात गडद कापड हवेपेक्षा बरंच जास्त तापतं.

दुसरी पायरी: सामान

पिगमेंट भुकटी किंवा पाण्यातला घट्ट घोळ, दोन्ही रूपांत मिळतं. घोळ घ्या. भुकटी उडते, श्वासात जाते आणि तिच्या गुठळ्या मोडता मोडत नाहीत. भुकटीच घ्यावी लागली तर मास्क आणि हातमोजे घालूनच उघडा.

छपाईसाठी पाण्यावर चालणारा ॲक्रिलिक बाइंडर, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारी पेस्ट लागते, तीही पारदर्शक. कापडछपाईच्या दुकानात पांढरी, खालचं झाकणारी पेस्टही मिळते. ती घेतलीत तर निळा रंग फिका आकाशी होईल, आणि रंग गेल्यावरही कापडावर पांढरा डाग दिसत राहील. ‘क्लिअर’ असं दोनदा सांगून घ्या. सोबत छपाई पक्की करणारा थोडा फिक्सर, एक स्क्विजी (रंग ओढायची रबरी पट्टी) आणि ४३टीच्या (सेंटिमीटरला ४३ धागे) आसपासची जाळी ताणलेली स्क्रीन. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे स्क्रीन एक्सपोज करून मिळते, पण त्याची नेहमीची जाळी कागदासाठी बारीक असते. कापडासाठी मोकळी जाळी हवी म्हणून सांगा. बारीक जाळीतून पातळ थर पडतो, आणि हा रंग मुळातच नेहमीच्या रंगापेक्षा कमकुवत असल्याने पातळ थर अगदी उदास दिसतो.

एक थर्मामीटरही घ्या. तापाचा डिजिटल थर्मामीटर चालणार नाही, बहुतेक ३२ अंशांच्या खाली आकडाच दाखवत नाहीत. स्वयंपाकघरातला किंवा मत्स्यालयातला घ्या.

तिसरी पायरी: कापड

पहिल्या प्रयोगाला कपडा शिवू नका. मांजरपाटाची पिशवी किंवा पॉपलीनचे हातरुमालाएवढे तुकडे घ्या. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि तिच्यावर बाइंडर धरत नाही. धुण्याचा सोडा घालून कापड उकळा, दोन पाण्यांतून काढा, वाळवा, इस्त्री करा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको.

रंग गेला की खाली जे आहे तेच दिसणार, म्हणून पांढरं किंवा फिकट कापड. काळ्या कापडावर हे रंग दिसतच नाहीत.

सूत या रंगात बुडवून रंगवता येईल का, असं खूप जण विचारतात. कुप्यांना धाग्याची ओढ नसते, त्या धुऊन निघतात. कारखान्यात सुताला आधी धनभारित करून मग हे रंग चढवतात. घरी छपाईच बरी.

चौथी पायरी: पेस्ट

१०० ग्रॅम पारदर्शक बाइंडरला २० ते २५ ग्रॅम घोळ, किंवा १० ग्रॅम भुकटी. भुकटी असेल तर आधी चमचाभर पाण्यात कालवून मऊ लगदा करा, मग बाइंडरमध्ये घाला. चमच्याने, हळू, एकाच दिशेने ढवळा. मिक्सर किंवा ड्रिलला लावलेली रवी वापरू नका, कुप्या फुटतात आणि फुटलेली कुपी पुन्हा रंग देत नाही. स्पिरिट, थिनर, ॲसिटोन यांचा एक थेंबही जवळ नको, तेही कुपीत शिरून तिची वाट लावतात. शेवटी फिक्सर, डब्यावर लिहिलं असेल तेवढाच, आणि मिश्रण मलमलीतून गाळून घ्या.

रंगांचा खरा खेळ इथून सुरू होतो. पेस्टमध्ये नेहमीचा कायमचा रंग किंचित मिसळला की ‘रंगीत ते पांढरा’ऐवजी ‘एका रंगातून दुसऱ्या रंगात’ असा बदल मिळतो. ३१चा निळा आणि कायमचा पिवळा मिळून हिरवा होतो, तापला की पिवळा उरतो. निळा आणि कायमचा गुलाबी मिळून जांभळा, तापला की गुलाबी. कायमचा रंग फार तीव्र असतो, १०० ग्रॅम पेस्टला अर्धा ग्रॅमही पुरतो. आधी चिंधीवर बोटाने लावून पाहा.

याच युक्तीवर १९९१ साली सिएटलच्या जेनेरा कंपनीने ‘हायपरकलर’ टी-शर्ट काढले आणि अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी ते अक्षरशः उचलले. तंत्र जपानच्या मात्सुई शिकिसो या कंपनीचं होतं. पुढच्याच वर्षी जेनेरा दिवाळखोरीत गेली. कपडे चारसहा वेळा गरम पाण्यात धुतले की रंग बदलणं थांबायचं, आणि घातल्यावर सगळ्यात आधी बदलायची ती काखेतली जागा. डिझाइन करणाऱ्याने दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात, दुसरी तर जास्तच.

पाचवी पायरी: छपाई

छपाई सकाळी लवकर करा, नाहीतर एसी खोलीत. खोली ३१ अंशांच्या वर असेल तर पेस्टच बेरंग होते आणि पांढऱ्या कापडावर काय छापलं गेलं, कुठे सुटलं, काही कळत नाही. पर्याय म्हणून बर्फाची पिशवी जवळ ठेवा आणि छापलेल्या जागेच्या मागून क्षणभर टेकवून पाहा. नक्षी झर्रकन वर येते. सुटलेली जागा तिथेच दिसते.

टेबलावर जुनी चादर दुमडून पसरा, कापड टाचण्यांनी ताणून घ्या. स्क्विजी ४५ अंशांच्या कोनात धरून दोन फेऱ्या मारा. पहिला थर सुकू द्या, मग त्याच जागी दुसरा. दोन मध्यम थर एका जाड थरापेक्षा चांगले, जाड थर घडीवर तडकतो.

लपलेली नक्षी हवी असेल तर क्रम असा: आधी कायमच्या फिकट रंगात नक्षी छापा, समजा पिवळ्या कोयऱ्या. ती पूर्ण सुकून पक्की झाली की तिच्यावरून गडद निळ्या थर्मोक्रोमिकचा सलग चौकोन. थंड असताना निळा चौकोन, हात ठेवला की तळव्याच्या आकारात कोयऱ्या. खालची नक्षी गडद असली तर ती निळ्यातूनही सावलीसारखी दिसत राहते, म्हणून फिकटच.

सहावी पायरी: पक्कं करणं

रात्रभर सावलीत सुकवा. मग उलट्या बाजूने, मधे बेकिंगचा कागद ठेवून, इस्त्री रेशमाच्या खुणेवर ठेवून तीन-चार मिनिटं फिरवा. सुताच्या खुणेवर इस्त्री २०० अंशांपर्यंत जाते, तिथे कुप्या मरतात. छपाईवाल्याच्या क्युरिंग मशीनमधून काढणार असाल तर त्याला १३०-१४० अंश सांगा. प्लास्टिसोल या टी-शर्टवरच्या नेहमीच्या शाईसाठी ते मशीन १६०च्या आसपास लावलेलं असतं आणि सांगितलं नाही तर तसंच चालवलं जातं. विक्रेत्याच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

इस्त्रीखालून निघालेलं कापड कोरं दिसेल, घाबरू नका. गार होऊ द्या. गार होऊनही रंग परत आला नाही, किंवा मळकट आला, तर उष्णता जास्त झाली. यानंतर तीन दिवस पाणी लावू नका.

सातवी पायरी: चाचणी

छपाईतून नेहमी चार जास्तीचे तुकडे काढा. एक जसाच्या तसा अंधारात ठेवा, तुलनेसाठी. दुसरा दहा वेळा धुवा. तिसऱ्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर खिडकीत उन्हात ठेवा. चौथ्यावर स्टीलची वाटी ठेवा, तिच्यात थर्मामीटर, आणि कोमट पाण्यात हळूहळू गरम पाणी मिसळत जा. वाटीच्या बुडाचं वर्तुळ कुठल्या आकड्याला फिकं पडायला लागतं आणि कुठल्याला पूर्ण जातं ते लिहा. मग थंड पाणी घालत परतीचा आकडा लिहा. विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा तुमच्या वाटीने दिलेला आकडा धरा.

खिडकीतला तुकडा बघून बऱ्याच जणांचा जीव थोडा होतो. ऊन हा या रंगांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. अतिनील किरणांनी आतलं द्रव्य मोडतं आणि ते परत येत नाही. म्हणून उन्हात फिरायच्या कपड्यांना, मैदानावरच्या जर्सींना, बाहेर टांगायच्या पडद्यांना हा रंग नको. संध्याकाळचे कपडे, नाटक-नृत्याचा पोशाख, अस्तर, खिशाचं झाकण, बाहीची आतली बाजू, इथे तो वर्षानुवर्षं खूश ठेवतो.

नक्षी अंगावर कुठे

इथे मन लावून विचार करावा असं मला वाटतं. पूर्ण कपडा बदलता करण्यापेक्षा जिथे हात जातो ती जागा बदलती करा. कुर्त्याचा खिसा, ओढणीचा काठ जो आपण बोटांत धरून बसतो, जॅकेटची मनगटपट्टी, मुलाच्या दप्तराचा पट्टा. काख, पाठीचा कणा, गळ्याखालचा भाग घामाने आपोआप बदलतो, तो माणसाला नको तिथे उघडा पाडतो. नर्तकाच्या पोशाखात मात्र तीच जागा मुद्दाम वापरता येते.

लहान बाळांच्या कपड्यांबद्दल स्पष्ट सांगते. ‘ताप आला की रंग बदलणारं झबलं’ ही कल्पना गोड वाटते, पण ताप मोजायला थर्मामीटरच हवा. शिवाय काही पिगमेंटांच्या कुप्यांच्या कवचात फॉर्माल्डिहाइडवर आधारलेली रेझिनं असतात आणि आत बिस्फेनॉल-ए असू शकतं. बाळ कपडा चावतं. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० या, कापडातली घातक द्रव्यं तपासणाऱ्या प्रमाणपत्रात मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांत फॉर्माल्डिहाइडची मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम आहे, आणि बाळांच्या कपड्यांत ते मोजण्याइतकंही सापडता कामा नये. विकायला करत असाल तर विक्रेत्याकडून लेखी प्रमाणपत्र घ्या, आणि बाळांसाठी करूच नका.

पुढचा टप्पा: तारेची ऊब

हाताच्या उबेवर अवलंबून न राहता कापड स्वतः तापवता येतं. छापलेल्या नक्षीच्या मागे वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारा धागा शिवायचा आणि पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवर जोडायचा. धाग्याचा एकूण रोध १० ओहम असेल तर अर्धा अँपियर वाहतो आणि अडीच वॉट उष्णता मिळते. लहान नक्षीला एवढी पुरते. रोध मल्टिमीटरने मोजल्याशिवाय जोडू नका, मधे बटण ठेवा, आणि अंगावर घालण्याआधी टेबलावर दहा मिनिटं चालू ठेवून किती तापतं ते पाहा.

एमआयटीच्या मीडिया लॅबमधून आलेल्या मॅगी ऑर्थ यांनी वाहक धागे आणि असे रंग एकत्र करून भिंतीवरची विणकामं केली. २०१६ मध्ये लॉरा डेव्हेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगलच्या जॅकार्ड या वाहक धाग्यांच्या कापडाच्या प्रकल्पासोबत ‘एब’ या कामात वाहक धाग्यांवरच हा रंग चढवून ते विणले. तिथे रंग सेकंदासेकंदाने, शांतपणे बदलतो आणि गार व्हायला आणखी वेळ घेतो. मोबाइलच्या पडद्यासारखा वेग कापडाकडून मागू नये. हळू बदलणारी नक्षीच यात शोभते.

धुणं आणि साठवण

कपड्याला शिवायच्या पट्टीवर एवढं लिहा: उलटा करून गार पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवा. ब्लीच नको. ड्रायक्लीन नको, त्यातला द्रव कुप्यांना मारतो. सावलीत वाळवा. छपाईवर इस्त्री फिरवू नका.

उरलेली पेस्ट घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या आणि गार जागी ठेवा, पण गोठू देऊ नका. आणि प्रत्येक डब्यावर रंग, दोन्ही आकडे आणि तारीख मार्करने लिहा, झाकणावर नको, अंगावर लिहा. झाकणं बदलतात, आणि ३१चा निळा अन् ४५चा निळा थंड असताना अगदी सारखे दिसतात.